मुका तास

"यातला ‘श्वास’ म्हणजे काय?" तौफिक पटवेगारने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. उत्तर द्यायला माझे ओठ उघडले आणि मागच्या रांगेत बसलेल्या हेर्लेकर मॅडमनी नुसता हात वर केला. मी ओठ मिटले.

"बरं," तो स्वतःशी बोलावं तसं म्हणाला, "श्वास काय ते पुढे कळेल. जर श्वास पोकळीत नसेल आणि ऊब दोनपेक्षा जास्त असेल, तर काठ एकाने वाढवा." तो थांबला. मग मान वळवून अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हा प्रोग्रॅम आहे, की याला दवाखान्यात न्यायचंय?"

सगळी लॅब हसली. मॅडम हसल्या नाहीत. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. सांगलीत त्या दिवसांत हळदीचा हंगाम चालू असतो. गोदामांकडून येणारा तो मातकट, उष्ण वास लॅबच्या बंद खिडक्यांमधूनही आत झिरपत होता. इतक्या वर्षांनंतरही हळदीचं पोतं कुठे उघडलं की माझी जीभ आपोआप टाळ्याला चिकटते.

त्या तासाला आम्ही ‘मुका तास’ म्हणत असू. दुसऱ्या सत्राच्या ‘प्रोग्रॅमिंग दोन’ या विषयातली ती हेर्लेकर मॅडमची स्वतःची रीत होती. पहिल्या सत्रात आम्ही लहान लहान प्रोग्रॅम लिहिले होते, एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपणारे. दुसऱ्या सत्रात साऱ्या वर्गाने मिळून एकच मोठं काम उभं करायचं होतं: कॉलेजच्या नाट्यमहोत्सवाची तिकीटविक्री. प्रत्येकाच्या वाट्याला एक भाग. आणि कोणाचाही भाग त्या मोठ्या कामात जोडला जाण्याआधी या तासातून पार व्हावा लागे. चिठ्ठी टाकून एक वाचणारा ठरे. लिहिणाऱ्याने त्याच्या शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. मान हलवायची नाही, भुवई उडवायची नाही. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचत जायचं, आणि तास संपायच्या आत मॅडम सांगतील तो एक बदल करून दाखवायचा. त्याला तो जमला नाही, तर नापास होई तो लिहिणारा.

माझ्यासाठी नापास होणं जरा अधिक खोल होतं. मी मराठी वाङ्मयाची पदवीधर. संगणकाच्या त्या पदव्युत्तर वर्गात आम्हा इतर शाखांच्या मुलांना तात्पुरता प्रवेश मिळे, आणि ‘प्रोग्रॅमिंग दोन’ पहिल्याच प्रयत्नात सुटला तरच तो कायम होई. मुलाखतीच्या वेळी विभागप्रमुखांनी माझी गुणपत्रिका बराच वेळ न्याहाळून, आवाजात खरीखुरी काळजी आणून, आमच्याकडे यमक जुळवावं लागत नाही, असं सांगितलं होतं. मुक्तछंदाला येऊन आता कितीतरी दशकं लोटली आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. घरी वडिलांनी बी.एड.चा पर्याय काही न बोलता तयार ठेवला होता. त्यांचं ते न बोलणं मला विभागप्रमुखांच्या बोलण्याहून जड जाई.

पण पहिल्या सत्रात मी सगळ्यांना मागे टाकलं होतं. लहान प्रोग्रॅम मला कवितेसारखा वाटे. एका ओळीने तीन कामं करावीत, एकही शब्द सैल असू नये, शेवटची ओळ वाचताना पहिली ओळ नव्याने उजळावी. इतरांची पानभर जाणारी गोष्ट मी सात-आठ ओळींत बांधून दाखवी. त्याच उमेदीने मी या वेळी आसनव्यवस्थेचा भाग मागून घेतला होता. एखाद्या कुटुंबाला एकत्र कसं बसवायचं, कोणी तिकीट परत केलं की ती खुर्ची कोणाला द्यायची, असल्या गोष्टी ठरवणारा तो भाग सगळ्यांत अवघड मानला जाई. रिकाम्या खुर्चीला मी ‘पोकळी’ म्हटलं. बसलेल्या माणसाला ‘श्वास’. दोन माणसं शेजारी बसण्याला ‘ऊब’. रांग जिथवर भरली त्या कडेला ‘काठ’. आणि हे सारं मी एका अखंड, लांबलचक, कुठेही न तुटणाऱ्या बांधणीत ओवलं होतं. तिचा मला अभिमान होता. ती चालतही होती, बिनचूक.

"पटवेगार," मॅडम म्हणाल्या, "तिकीट परत आलं तर ती खुर्ची आधी अपंग प्रेक्षकाला मिळावी, असा बदल करा."

तौफिकने खरंच प्रयत्न केला. तो थट्टेखोर होता, आळशी नव्हता. त्याने एक ओळ बदलली, तर दुसऱ्याच रांगेतली माणसं उभी राहिली. ती सावरायला दुसरी बदलली, तर एकाच खुर्चीवर दोघे बसले. तो पुन्हा पुन्हा वाचत होता आणि मला प्रत्येक वेळी ठाऊक होतं, की त्याला हवी ती जागा कुठे आहे. चौथ्या वळणावर, ‘ऊब’ दुसऱ्यांदा येते तिथे. दोन शब्द बोलले असते, तरी काम झालं असतं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "याला हात लावायला भीती वाटते मॅडम."

वर्ग पांगल्यावर मी मॅडमच्या टेबलाशी गेले. मी रडणार नाही, हे आधीच ठरवून गेले होते. लिहिणाऱ्याला निदान दोन मिनिटं बोलू द्यावं, एवढंच माझं मागणं होतं. प्रोग्रॅम चुकत नव्हता, वाचणारा अडखळत होता. दोन मिनिटांत मी त्याला सगळं उलगडून दाखवलं असतं.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "पुढच्या बुधवारी पुन्हा," त्या म्हणाल्या. "वाचणारा तोच राहील. त्यानंतर मात्र हा भाग मी दुसऱ्या कोणाला देईन, आणि तुम्ही विषयात नापास."

त्यापुढचे दिवस मी लॅबमध्ये सकाळी सगळ्यांच्या आधी पोचू लागले. शिपाईमामा कुलूप काढत, फरशीवर पाणी मारत, आणि त्या ओल्या फरशीवर पाय वर घेऊन मी माझी बांधणी उलगडत बसे. पण हे मान्य करायला हवं, की आधी मी ती उलगडलीच नाही. तिच्या एकाही ओळीला हात न लावता मी तिच्या अवतीभवती लिहीत गेले. प्रत्येक ओळीच्या वर तीन-चार ओळींचं टिपण. ‘श्वास’ हा शब्द का, ‘काठ’ कुठे सरकतो, चौथ्या वळणावर काय घडतं. बोलायची बंदी होती, लिहायची नव्हती. मला वाटलं, मी नियमातली फट शोधली.

तौफिक दुपारी कँटीनमध्ये माझ्या समोर येऊन बसला. त्याने स्वतःहून ते टिपणांसकट काढलेले कागद मागून घेतले, चहा निवेपर्यंत वाचले, आणि टेबलावर नीट रचून ठेवले.

"कारंडे, वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "हे रसग्रहण आहे."

मी सगळ्यांत वरचा कागद उचलून पुन्हा वाचला.

"दहावीला असायचं बघ, कवितेच्या खाली. कवीला इथे असं सुचवायचं आहे. मला त्यात दहापैकी चार पडायचे." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "त्यापेक्षा असं कर. आत्ता बसून मला सगळं तोंडी समजावून सांग. बुधवारी मी नव्याने वाचल्यासारखं करतो. नाटकात काम केलंय मी. मॅडमना संशयसुद्धा येणार नाही."

तो मनापासून म्हणत होता. मी नापास झाले तर त्यात आपला हात असेल, हे त्याला खुपत होतं. आणि मी लगेच नाही म्हणाले नाही. समोर त्याचा गार झालेला चहा होता, भिंतीवर नाट्यमहोत्सवाचं पहिलं पत्रक लागलेलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर, का कोण जाणे, पदवीच्या वर्षातली एक संध्याकाळ आली. कविसंमेलनाच्या मंचावर एक कवी उभा होता आणि कविता वाचण्याआधी ती कशी सुचली, कुठल्या ओळीत काय दडलं आहे, हे सांगत होता. सांगत होता, सांगत होता. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी तिरस्काराने उठून बाहेर आलो होतो. बाहेर पायऱ्यांवर बसून मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, की ज्या कवितेला कवीचं बोट धरून चालावं लागतं ती कविता अजून जन्मलेलीच नाही.

"नको," मी तौफिकला म्हणाले. "तू बुधवारीच वाच."

"बघ हं. मी मुद्दाम अडणार नाही, पण अडलो तर अडलो."

"अडलास तर अड."

तो उठला, कागद माझ्याकडे सरकवले. "तू फार हट्टी आहेस कवयित्री," म्हणाला, आणि चहाचे पैसे मात्र माझ्यावर टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिपणं पुसली. सगळी. मग टिपणांखालची बांधणी वाचू लागले. माझ्या डोक्यात जे होतं ते बाजूला ठेवून, केवळ पडद्यावर जे होतं तेवढंच वाचू लागले. मला मीच कोणी परकी झाल्यासारखं. आणि ती अखंड, न तुटणारी गोष्ट मला प्रथमच दमवणारी वाटली. तिच्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. प्रत्येक ओळ दुसऱ्या पाच ओळींच्या खांद्यावर उभी होती. एकीला हलवलं की सगळी उतरंड कोसळणार. सात ओळींच्या प्रोग्रॅममध्ये हे सौंदर्य असतं. जिथे पुढे कितीतरी हात लागणार आहेत, तिथे तो दरवाजा नसलेला वाडा.

मी तो मोडला. सभागृह कसं आहे, हे सांगणारा भाग वेगळा केला: कोणत्या रांगेत कोणती जागा, आणि ती कोणत्या प्रकारची. जागा देणारा भाग वेगळा. परत घेणारा वेगळा. प्रत्येकाला एकच काम, आणि त्या कामाचंच नाव. ‘पोकळी’ गेली, तिथे ‘रिकामी खुर्ची’ आली. ‘श्वास’ गेला, ‘प्रेक्षक’ आला. ही नावं लिहिताना आपण स्वतःच्या कवितासंग्रहाचं दुकानाच्या पाटीत रूपांतर करतो आहोत, असं वाटत राहिलं. सगळ्यांत जड गेली ‘ऊब’. तिच्यावर मी दोन सकाळी घालवल्या. ‘शेजार’ लिहिलं, पण कोणाचा शेजार? ‘लागून असलेली जागा’ लिहिलं. ते सातबाराच्या उताऱ्यासारखं दिसलं. शेवटी मी त्या भागाचं नाव ठेवलं: ‘सोबत आलेल्यांना शेजारी बसता येईल का’. लांब होतं. बोजड होतं. पण ते वाचून कोणालाही दुसरं काही वाटणं शक्य नव्हतं.

संपवलं तेव्हा सगळं मिळून आधीच्या तिप्पट लांब झालं होतं, आणि त्यात माझं म्हणून ओळखू येईल असं काहीच उरलं नव्हतं.

बुधवारी तौफिक खुर्चीत बसला, बोटं मोडली, आणि वाचू लागला. त्याचा आवाज या वेळी वेगळा होता. थट्टेला जागाच सापडत नव्हती. "हा सभागृहाचा नकाशा. हा रिकामी खुर्ची शोधतो. हा तिकीट परत घेतो. हं. हं." मागच्या रांगेत कोणीतरी जांभई दिली, आणि ती मला टाळ्यांसारखी वाटली.

मग मॅडम म्हणाल्या, "पहिल्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या काढून टाकल्या आहेत. तिथे एक व्हीलचेअर उभी राहील. तशी सोय करा."

तौफिकने क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "एवढंच ना?" तो जागा देणाऱ्या भागात गेला आणि त्या दोन खुर्च्या कायमच्या विकल्या गेल्या आहेत, असं लिहू लागला.

वरवर ते चाललं असतं. त्या दोन जागांवर कोणी बसलं नसतं. पण प्रोग्रॅमच्या लेखी तिथे कोणी परकी माणसं बसलेली राहिली असती. व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकाला तिथे जागाच मिळाली नसती, आणि त्याच्याबरोबर आलेल्या मुलीला त्याच्या शेजारी बसवावं हे प्रोग्रॅमला कधी सुचलं नसतं. आणि मॅडम नेमकी तीच परीक्षा घेणार, हे मला त्यांच्या बदल सांगण्याच्या सुरावरून कळलं होतं. योग्य जागा दुसरी होती. नकाशात. खुर्ची, आणि खुर्ची नसलेली पण माणसाची असलेली जागा, हा फरक तिथे लिहायचा होता.

तौफिकची बोटं चालत होती. मी ओढणीचं टोक मुठीत धरलं. खोकले असते, तरी तो थबकला असता. खुर्ची किंचित हलवली असती, तरी त्याने वळून पाहिलं असतं, आणि माझा चेहरा त्याला पुरला असता. मागे मॅडम होत्या. पण त्या क्षणी मी त्यांना भीत नव्हते. मी एवढंच ठरवलं होतं, की आज जे काही बोलायचं ते त्या पडद्यावरच्या नावांनी बोलावं. त्यांना बोलता येत नसेल, तर मी बोलूनही उपयोग नाही. मी नजर त्याच्यावरून काढली आणि खिडकीबाहेर लावली. बाहेर पोती उतरवणारा ट्रक उभा होता. त्यावरच्या माणसांची पाठ, केस, पापण्या पिवळ्या झाल्या होत्या.

"झालं मॅडम," तौफिक म्हणाला. आणि मग, "थांबा, एकदा खालपर्यंत बघून घेतो."

तो खाली सरकत गेला. वाचत गेला. अर्ध्यावर त्याचा आवाज मंदावला.

"सोबत आलेल्यांना शेजारी बसता येईल का," त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "येईल का? नाही येणार. मी तर तिथे खुर्च्या विकून टाकल्यात. मग आजोबांना चाकाच्या खुर्चीवर आणलेली नात बसणार कुठे?" त्याने कपाळाला हात लावला, आणि आत्ताच लिहिलेलं सगळं खोडलं. "हे इथे नाहीच करायचं. हे नकाशात सांगायला पाहिजे."

तो वर गेला. नकाशात त्याने जागेचा एक नवा प्रकार लिहिला. दुसरं कुठेही हात लावला नाही. मॅडम उठून आल्या, त्यांनी व्हीलचेअरवरचा एक प्रेक्षक आणि त्याची नात यांच्यासाठी तिकिटं मागितली. पडद्यावर पहिल्या रांगेच्या कडेला दोन जागा लागून उजळल्या.

"घ्या जोडून," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारलं. एवढंच. तौफिक उठताना माझ्या कानाशी म्हणाला, "ते लांबडं नाव कुणी ठेवलं, त्याला चहा पाजायला हवा."

तास संपल्यावर मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं. माझ्या मनात एक प्रश्न राहिला होता. लिहिणाऱ्याने बोलायचंच नसेल, तर त्याला शेजारी का बसवायचं? बाहेर पाठवलं तरी चाललं असतं.

त्या चालता चालता थांबल्या. आजवर त्या वर्गातल्या सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत आल्या होत्या.

"केतकी," त्या म्हणाल्या, "बाहेर बसलेल्या माणसाला वाटत राहतं, की मी तिथे असते तर समजावून सांगितलं असतं. शेजारी बसून गप्प राहावं लागलं, की कळतं, आपण तिथे कधीच असणार नाही. जा आता, ‘प्रोग्रॅमिंग तीन’ याहून वाईट आहे."

माझा प्रवेश कायम झाला. वडिलांनी ते ऐकून बी.एड.बद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. त्यांच्या न बोलण्याचीही तेव्हा मला वेगळी ओळख पटली.

पुढच्या वर्षीच्या नाट्यमहोत्सवाच्या दिवशी मी तिकीट काढायला खिडकीशी गेले. आतमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिने मला. परीक्षकांसाठी ऐन वेळी मधली अर्धी रांग अडवून ठेवायचं ठरलं होतं, त्यामुळे खिडकी थांबली होती आणि माझ्या मागे रांग कुरकुरू लागली होती. काचेतून मला तिचा पडदा तिरका दिसत होता. तिने आसनव्यवस्थेचा भाग उघडला. ती वाचू लागली, ओठ हलवत, आवाज न करता. नकाशापाशी आली, तिथेही थांबली नाही, पुढे गेली. मग परतली. तौफिकने लिहिलेल्या त्या नव्या प्रकाराच्या खाली तिने आणखी एक प्रकार लिहिला. बाकी कशाला हात लावला नाही.

रांगेतले एक गृहस्थ मागून म्हणाले, की या मुलीला काही येत नसेल तर येणाऱ्या कोणाला तरी बोलवा.

"झालंच काका," ती मान वर न करता म्हणाली. "सोपं आहे हे."

मग तिने वर पाहिलं, आणि मी काचेला नाक लावून उभी आहे हे पाहून जरा गोंधळली. "तुम्हाला काही सांगायचं होतं का ताई?"

त्या दिवशी मला कोणी बोलायची बंदी केलेली नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "एक तिकीट द्या. कडेचं."